नऊ महिने मोजताना

"तुमचं मूल किती महिन्यांचं?" हा प्रश्न मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शेकडो आयांना विचारला आहे. लग्न न झालेल्या मुलाने असं विचारत दारोदार फिरावं हे माझ्या आईला पटत नसे. "दुसरं काय विचारायला नाय का रं मिळालं तुला?" असं ती म्हणायची. पण ते खरंच माझं काम होतं.

मी वाशिंदजवळच्या एका गावातला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, लहान मुलांच्या लसीकरणाच्या सर्वेक्षणासाठी मुलं हवी आहेत अशी नोटीस कॉलेजच्या फळ्यावर लागली. मी नाव दिलं, आणि पुढची चार-पाच वर्षं सुट्टीत, आणि कधी कॉलेज बुडवूनही, तेच काम केलं. वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काही लिही, असं ग्रंथपालांनी सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मी फक्त फॉर्म भरले. वाड्यांवर आम्हाला 'फारमवाले' म्हणत, ते बरोबरच होतं.

काम काय होतं ते आधी सांगतो. जन्मल्यावर बाळाला डाव्या दंडात एक सुई देतात, तिचा वण राहतो. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मांडीत तीन सुया. आणि नऊ महिने पूर्ण झाले की उजव्या दंडात पहिल्या वर्षातली शेवटची, गोवराची. आमचा फॉर्म प्रामुख्याने या शेवटच्या सुईबद्दल होता. ती नऊ महिन्यांनाच का, हे मला प्रशिक्षणात पहिल्यांदा कळलं. आईकडून आलेली ताकद बाळाच्या अंगात तोपर्यंत असते, त्यामुळे आधी दिलेली लस नीट लागू पडत नाही. आणि फार उशीर केला तर लशीच्या आधी गोवरच येतो.

मांडीतल्या सुया बहुतेकांनी घेतलेल्या असत. गोवराची राहून जाई. त्याला आयांचा आळस कारण आहे असं आम्हाला कॉलेजात बसून वाटायचं. फिरायला लागल्यावर वेगळं दिसलं. तिसऱ्या सुईनंतर मधे पाच-सहा महिने जातात. तोवर आई कामाला लागलेली असते, मूल जड झालेलं असतं आणि मागच्या सुईचा ताप सगळ्यांच्या लक्षात असतो. त्यात पोलिओचे थेंब घरोघर मिळत. "दोन थेंब घेतलं ना त्यानी? मंग आता सुई कशाला?" हे मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मीच ते वाक्य मनात आधी म्हणायचो.

वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांचं आणखी वेगळं. दिवाळीनंतर ती निघत आणि मृगाच्या तोंडावर परत येत. त्यामुळे जे मूल भट्टीवर गेल्या गेल्या जन्मायचं, ते नऊ महिन्यांचं होईपर्यंत घरी आलेलं असायचं आणि त्याला सुई मिळायची. जे पावसाळ्यात स्वतःच्या घरात, सुईणीच्या हातावर जन्मायचं, त्याचे नऊ महिने भट्टीवर भरायचे आणि ते राहून जायचं. फॉर्मचे गठ्ठे जन्ममहिन्याप्रमाणे जमिनीवर मांडले तेव्हा हे मला दिसलं. मी सर्वेक्षण चालवणाऱ्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे लिहून दे." आयुष्यात कुणी मला 'लिहून दे' म्हटलं ते पहिल्यांदा.

लशीचं कार्ड दाखवा म्हटलं की काय काय बाहेर यायचं. वाशिंदला कारखान्यात जाणाऱ्या एका माणसाने मुलीचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून देवघरात ठेवलं होतं. तानसा तलावाच्या बाजूच्या एका आजोबांनी मोठ्या विश्वासाने रेशनकार्ड आणून दिलं. उंबरमाळीच्या वरच्या एका पाड्यावर कार्ड नाचणीच्या कणगीत होतं, ते काढायला अर्धी कणगी उपसावी लागली आणि शेवटी निघालं ते उंदराने कुरतडलेलं. तारखा होत्या तेवढ्याच जागी भोक. तिथेच एकाने मला विचारलं होतं, "पोराला नाय टोचला, पण बैलाला टोचलाय. लिवशील का?"

मी म्हटलं, "बैलाचा रकाना नाही."

"नाय ना? मंग ऐक. बैलाला टोचायला डॉक्टर दारात येतो. पोराला टोचायला आमी डोंगर उतरायचा. हे लिव तुझ्या फारमात."

मी समासात लिहिलं. पुढे कुणी वाचलं की नाही, माहीत नाही.

कार्ड नसेल तर आईच्या आठवणीवर काम चालायचं, आणि तिथे पहिली अडचण वयाची. तारीख क्वचितच कुणाला माहीत असे. त्यासाठी आम्हाला एक छापील कागद दिला होता, त्यावर सण महिन्यावार लिहिलेले. होळीच्या आधी की नंतर, गणपती बसले होते का, असं विचारत विचारत महिन्यापर्यंत पोचायचं. शहरातून आलेली मुलं तो कागद हातात धरूनच बोलायची. मी तो कधी बाहेर काढला नाही. आयांना सणापेक्षा शेतातलं काम जास्त आठवतं, आणि शेतातलं मला कुणी शिकवायला नको होतं. 'राब भाजला तेव्हा', म्हणजे रोपांसाठी जमीन भाजतात तेव्हा, किंवा 'आवणी चालू होती तेव्हा', म्हणजे भात लावताना, असं कुणी म्हटलं की मी महिना लिहून मोकळा. बाकीची मुलं माझ्याकडे बघत राहायची. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो. इथे मात्र मी सगळ्यांच्या पुढे होतो. मला ते फार आवडायचं, हे कबूल करतो.

मुरबाड तालुक्यात डोंगराच्या सोंडेवर ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही. एका वर्षी जूनच्या अखेरीस मी तिथे गेलो. दुसऱ्या दिवशी वाडीच्या शाळेत लसीकरण होतं, त्यामुळे घरोघर फॉर्म भरायचा आणि ज्यांना सुई द्यायची आहे त्यांना उद्या यायला सांगायचं, असं दुहेरी काम होतं.

बुधीच्या घरी तिची सासू हिराय आणि बुधी दोघी होत्या. नवरा शेतावर गेलेला. बुधीच्या मांडीवर पहिली मुलगी, जनी. बारीक अंगाची, डोळे मोठे.

"कधी झाली ही?" मी विचारलं.

"भात कापीत होतो ना, तवा. दुपारची शेतातनं घरी आले नि झाली."

भातकापणी म्हणजे दिवाळीच्या पुढे-मागे, कार्तिक. आमच्याकडे भाऊबीज झाली की विळे बाहेर निघतात. मी बोटांवर मोजलं आणि लिहिलं, सात महिने पूर्ण, आठवा चालू.

"हिला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "दोन महिन्यांनी घेऊन या."

बुधीने जनीला माझ्यासमोर उभं केलं. जनी कुडाची भिंत धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हसली. "मोठी हाय रं ती. बघ, धरून उभी रायते."

"काही मुलं लवकर उभी राहतात," मी म्हटलं.

हिराय चुलीपाशी होती. ती पाठमोरी चुलीत लाकूड सारत राहिली. तिला ती सुईच नको होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बुधी तरीही शाळेत आली. कुंदा सिस्टर लशीचा डबा घेऊन दोन तास चालून वर आल्या होत्या. त्यांची नोकरी त्या भागात बरीच वर्षं झालेली. गोवराची लस कुपीत भुकटीच्या रूपात येते. एका कुपीत पाच मुलांपुरती. ती एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकून द्यायची. म्हणून एका मुलासाठी कुपी फोडताना प्रत्येक नर्सचा हात जड होतो. त्या दिवशी माझ्या फॉर्मप्रमाणे चार मुलं होती. सिस्टरनी कुपी फोडली.

बुधीला बघून त्यांनी मला विचारलं, "हिचं किती?"

"आठवा चालू आहे."

"नक्की?"

"हो. कापणीच्या वेळची आहे."

सिस्टरनी बुधीला सांगितलं, "पुढच्या खेपेला आण गो." बुधी शाळेच्या पायरीवर जाऊन बसली आणि जनीला पाजू लागली.

चार मुलं झाली. सिस्टरनी कुपी उजेडात धरून बघितली. "एकाचं उरलंय. अजून कुणी आहे का बघ." मी फॉर्म चाळले. मान वर केली तर समोर पायरीवर बुधी बसलेली. मी म्हटलं, "नाही, कुणी नाही." कुपी त्यांनी वेळ संपेपर्यंत ठेवली आणि मग टाकून दिली.

जुलैच्या मध्याला अपुरे फॉर्म पुरे करायला मी पुन्हा वर गेलो. वाडीच्या तोंडालाच एकाने सांगितलं, "भट्टीवरनं आलेल्यांच्या घरात गवर निघालाय. आता तीन घरांत हाय." तिसरं घर बुधीचं होतं.

दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. गोवर म्हणजे घरात आई, म्हणजे देवी, आली, असं तिथे मानतात. आई घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही, मुलाला औषध द्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. मी अंगणातच थांबलो. आतून मुलीच्या श्वासाचा आवाज येत होता. घसाघसा, आणि फार भराभर. बुधी दारात आली, तिचे डोळे सुजलेले. तिच्या मागून हिरायचा आवाज आला.

"आला का फारमवाला? बघ म्हणावं काय केलंस. सुईला नेली पोरीला, म्हणून आई कोपली. मी सांगत होते नको नेऊ. हिनं ऐकला नाय."

बुधी खाली बघत उभी होती. दोन दिवस ती हेच ऐकत असावी.

मी म्हटलं, "आजी, सुई दिलीच नाही तिला."

"नाय दिली?" हिराय बाहेर आली.

"नाही. ती घेऊन आली होती, मीच परत पाठवली. नऊ महिने झाले नाहीत म्हणून."

"नव म्हयने नाय झालं?" हिराय माझ्याकडे बघत राहिली. "घट बसायच्या आदी झाली ती. पितरांची पानं वाढली त्याच्या दुसऱ्या दिशी."

"पण ही म्हणाली, भात कापत होतो."

"मंग? कापीतच होतो. हळवा भात हाय आमचा. डोंगराची जमीन, पाणी थांबतो का हितं? तुमच्यासारखा दिवाळीपरयत उभा रायला तर लोंबी सुकून जातील. शेतकऱ्याचा हायेस ना तू?"

मी शेतकऱ्याचाच होतो. आमच्या खाचरात गरवं भात, उशिरा तयार होणारं. हळवं लवकर कापतात हेही मला माहीत होतं, आमच्या मामाच्या माळावर तेच असतं. पण बुधीला मी 'कुठलं भात' एवढं विचारलं नाही. तिने मूल उभं करून दाखवलं, त्याचाही मी विचार केला नाही. जनीचे नऊ महिने त्या दिवशी भरलेले होते.

मी ते तिथेच सांगितलं. "चूक माझी आहे, आजी. बुधीची नाही. ती बरोबर दिवशी आली होती. मोजायला मी चुकलो." बुधीने पहिल्यांदा मान वर केली. हिराय मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पोरीला दम लागलाय. काल रातीपासून पीत नाय." आणि अंगणात खाली बसली.

मी पळत खाली गेलो. कुंदा सिस्टर उपकेंद्रात होत्या. मी काय केलं ते सांगितलं. त्यांनी लगेच पिशवी घेतली. चढताना एकदाच म्हणाल्या, "मी 'नक्की?' विचारलं होतं ना तुला?" तेवढंच.

वाडीवर त्यांनी जे केलं ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. अंगणात चपला काढल्या, हातपाय धुतले, डहाळ्याला हात लावून नमस्कार केला आणि हिरायला विचारलं, "आईला भेटू का?" हिराय बाजूला झाली. सिस्टरनी जनीच्या छातीकडे बघत श्वास मोजले. मग पिशवीतून लाल बाटली काढली. "सुई नाही, औषध नाही. थेंब आहेत. डोळ्यांसाठी. थेंब चालतात ना?" ते अ जीवनसत्त्व होतं. थेंबांना वाडीत कुणाचीच हरकत नव्हती.

"पण एवढ्यानं भागणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "छातीत उतरलंय. आज दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"आई घरात हाय. उंबरा कसा वलांडू?"

"आई घरात आहे की पोरीच्या अंगावर?"

हिरायने दाराकडे बघितलं. दारातला डहाळा वाऱ्याने हलत होता. बुधी म्हणाली, "आती, माजी पोर जाल." एवढंच. ओरडली नाही.

हिराय उठली. तिने दाराचा डहाळा सोडला, जनीला पातळात गुंडाळलं, डहाळा तिच्या डोक्याशी खोचला आणि तिला स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "चला. आई बी येल संगती." बुधी पुढे झाली तर तिला म्हणाली, "तू दोन दिस निजली नायस. पडशील. कांबळ घे नि माज्या मागनं ये." त्या चिखलाच्या उतारावर साठीची ती बाई अशी उतरली की मला गाठता येईना. खाली रस्त्याला दूध गोळा करणारा टेम्पो मिळाला.

जनी ग्रामीण रुग्णालयात अकरा दिवस होती. तिच्या खाटेच्या दांड्याला तो डहाळा बांधलेला असायचा. तिथल्या नर्सनी काढला नाही. मी रोज जायचो आणि काही सुचत नसल्यामुळे बाहेर बाकावर बसायचो. चौथ्या दिवशी तिने दूध ओढलं. हिराय बाहेर येऊन मला म्हणाली, "प्याली." मग आत वळता वळता, "तू जेवलास काय?"

मॅडमना मी सगळं लिहून दिलं. फॉर्म भरल्यावर खाडाखोड करायची नाही असा नियम होता, त्यांनी माझ्यासाठी तो मोडला. डोंगरावरच्या सगळ्या वाड्यांचे माझे फॉर्म घेऊन मी पुन्हा घरोघर फिरलो. 'कापणी' लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणी विचारलं, हळवं की गरवं? आणखी काही मुलं निघाली, ज्यांना मी 'अजून वेळ आहे' म्हणून लिहिलं होतं. कुंदा सिस्टरनी त्यांच्यासाठी जादा दिवस लावला. बुधीच्या वाडीत त्या दिवशी हिराय शाळेच्या दारात उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचं वय ती सांगत होती. "हा पाडव्याचा. ही राबाची, पन उशिराच्या राबाची, नीट लिव." आया तिला हसत होत्या. मी नीट लिहीत होतो. पुढच्या वर्षी ऑफिसच्या छापील कागदावर सणांच्या खाली भाताची एक ओळ वाढली. माझ्या कामातून छापलं गेलेलं तेवढंच.

त्या दिवशी कुपीतली ती लस दिली असती तर जनीचा गोवर टळला असता का? मी सिस्टरना हे दोन-तीनदा विचारलं. "तोवर लागण झालेली असली तर कदाचित नसता टळला. सांगता येत नाही," असं त्या म्हणायच्या. माझं समाधान करण्यासाठी त्या असं म्हणत असतील का, हेही मला सांगता येत नाही.

आता मी एका शाळेत शिकवतो आणि बाहेरून एम.ए. करतो आहे. मागच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे दाखले बघायला त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा वाडीवर चढलो. हिराय आता नाही. बुधी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने मला लगेच ओळखलं, बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. जनी आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली. उंच झाली आहे. ती आईच्या शेजारी बसून फुलं पसरत होती. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो आणि विचारलं, "कितवीत गेलीस?"

ती फुलं पसरत राहिली. मला वाटलं लाजत असेल.

बुधी म्हणाली, "तिकडून नाय ऐकू येत तिला. गवरात कान वाहायला लागला, तो गेला. हिकडून बोल."

तिच्या बोलण्यात तक्रार काहीच नव्हती. पाहुण्याला वाट सांगावी तसं तिने सांगितलं. रुग्णालयातून जनी घरी आली त्या दिवशी माझ्या लेखी ती बरी झाली होती. त्यानंतर इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी उठलो, तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि पुन्हा विचारलं.